वैर न धरता

पाटी पितळेची होती. स्कॉटलंडमधल्या ग्लेन्कोच्या दरीतल्या एका जुन्या पांथस्थगृहापाशी आमची बस सूप प्यायला थांबली होती. बाहेर पाऊस पडत होता असंही म्हणवत नाही, हवाच ओली होती. डोंगर दोन्ही अंगांनी इतके जवळ आलेले की वर बघायला मान मागे टाकावी लागे. आत शिरताना दाराशी ती दिसली. फेरीवाले आणि कॅम्पबेल यांना प्रवेश नाही. मुलीने ग्लासगोहून निघतानाच कॅम्पबेल आडनावाच्या कप्तानाने इथे केलेल्या कत्तलीची गोष्ट सांगितली होती, त्यामुळे बसमधल्या सगळ्यांबरोबर मीही हसलो. फोटो काढला आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिला. तिकडे दिवेलागणीची वेळ असणार. सूप अर्धं होतंय तोवर भोकरदनहून अण्णाचं, माझ्या थोरल्या भावाचं, उत्तर आलं: "आपल्या चौकात अशी पाटी लावायची राहूनच गेली." अण्णा इमोजी टाकत नाही, पण थट्टा असली की निदान एक उद्गारचिन्ह तरी देतो. तेही नव्हतं.

सूप गार झालं.

आमचा गाव केळनेच्या काठी. वाडा पांढऱ्या मातीचा, माळवदाचा. माझ्या जन्माआधी आजोबांचं आणि त्यांच्या चुलत भावाचं एका बांधावरून बिनसलं आणि चौकाच्या मधोमध भिंत उभी राहिली. भिंतीच्या रेषेत नेमका आड आला. आड कुणालाच सोडवेना, म्हणून भिंत आडावरून गेली. अलीकडे एक रहाट, पलीकडे एक. लहानपणी मी कठड्यावर पोट टेकून खाली बघत असे, तेव्हा काळ्या पाण्यावर माझ्या तोंडाशेजारी कधीकधी पलीकडच्या पोराचं तोंड दिसे. वर भिंत असल्यामुळे आम्हाला एकमेकांकडे थेट बघता येत नसे, पाण्यात मात्र येई. 'पाण्यात पाहणे' हा वाक्प्रचार शाळेत शिकलो तेव्हा मला त्याचा अर्थ मुळीच समजावून घ्यावा लागला नाही. त्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. पाणी एकाच आडाचं, पण त्यांच्या तांब्यातलं नको. आजीने यातली विसंगती कधी नाकारली नाही. ती म्हणे, "पाणी देवाचं, तांब्या त्यांचा."

त्या दरीत घडलं ते याच्या अगदी उलट. तिथे तांब्या घेतला.

मी इतिहासाचा माणूस नाही. नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे या गोष्टीत माझं लक्ष पहिल्यांदा अडकलं ते तारखेवर. राजा विल्यमने हायलँड्समधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या, सगळ्या कुळप्रमुखांना निष्ठेची शपथ घ्यायला मुदत दिली होती १ जानेवारी १६९२ ची. ग्लेन्कोच्या मॅकडोनल्डांचा म्हातारा प्रमुख मॅकइयन शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, फोर्ट विल्यमच्या कर्नल हिलसमोर उभा राहिला. हिल म्हणाला, शपथ द्यायचा अधिकार मला नाही, इन्व्हरेरीला शेरीफकडे जा. बर्फातून म्हातारा तिथे गेला, तर शेरीफ जागेवर नाही. अखेर शपथ झाली ६ जानेवारीला. 'आमच्याकडे नाही, पलीकडच्या टेबलावर जा' हे वाक्य मी स्वतः किती जणांना ऐकवलं असेल, आणि मुदत उलटून आलेले अर्ज किती परत केले असतील. त्यांपैकी कुणाचा जीव गेला नाही, एवढंच.

१ फेब्रुवारीला सुमारे १२० शिपाई दरीत आले. अर्ल ऑफ आर्गाइलच्या पलटणीतले. पलटण तीनच वर्षांपूर्वी, १६८९ मध्ये, उभी केलेली. किल्ल्यात जागा नाही, थोडे दिवस राहू द्या, असं सांगितलं गेलं. बरोबर कप्तान रॉबर्ट कॅम्पबेल, ग्लेनलायनचा. साठीला टेकलेला, दारू आणि जुगारापायी वतन घालवून बसलेला आणि पोटासाठी पलटणीत शिरलेला माणूस. त्याच्या पुतणीचं लग्न मॅकइयनच्या धाकट्या मुलाशी झालेलं, म्हणजे पाहुणा नात्यातलाच. घराघरांत थोडे थोडे शिपाई वाटून दिले. बारा रात्री. दरीत त्या दिवसांत काय वास असेल याचा मी बसमध्ये बसून विचार करत होतो. पीटचा, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचा धूर, ओल्या लोकरीचा कुबट वास, एकाच छपराखाली गुरं आणि माणसं, ओटच्या पिठाची भाकरी तव्यावर. दुसऱ्याच्या घरात बारा दिवस राहिलं की कोणतं पोर रात्री खोकतं, म्हातारी कुठे झोपते, कुत्रं कुणाला ओळखतं, सगळं कळतं. खाल्ल्या घरचे वासे मोजणे आपण सहज बोलून जातो. इथे ते खरोखरच मोजून झाले होते.

१२ तारखेच्या संध्याकाळी ग्लेनलायन मॅकइयनच्या मुलांबरोबर पत्ते खेळत बसला होता. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रणही त्याने घेतलं होतं. एका शिपायाने म्हणे दरीतल्या एका मोठ्या दगडाशी बोलल्याचं सोंग केलं: बाबा रे, आज रात्री काय होणार हे तुला कळलं असतं तर तू इथे थांबला नसतास. शेजारी उभ्या असलेल्या घरधन्याला कळावं म्हणून. माणसाशी बोलायची हुकमाने बंदी, दगडाशी नाही. ही दंतकथा असेल, पण ती ज्याने रचली त्याला शिपायाची गोची नीट कळली होती.

हुकमाचा कागद अजून शाबूत आहे, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. मेजर डंकन्सनने ग्लेनलायनला पाठवलेला. ७० वर्षांखालच्या सगळ्यांना तलवारीच्या धारेला लावा, पहाटे बरोबर ५ वाजता सुरू करा, म्हातारा कोल्हा आणि त्याची पोरं निसटता कामा नयेत. हे वाचताना अंगावर काटा येतो, पण या वाक्यांत नवं काही नाही, असे हुकूम जगभर निघत आले. मी थबकलो तो शेवटाकडे. डंकन्सन बजावतो की ही कामगिरी वैर वा मुरवत न धरता पार पाडावी, नाही तर तुम्ही राजाच्या नोकरीला लायक नाही असं समजलं जाईल.

वैर न धरता.

मी ते मुलीकडून तीन वेळा वाचून घेतलं. म्हणजे कप्तानाला वैर होतं हे वरच्यांना ठाऊक होतं. असायला कारणही होतं. १६८९ च्या शरदात, किलीक्रँकी आणि डंकेल्डच्या लढायांवरून घरी परतताना याच ग्लेन्कोच्या माणसांनी ग्लेनलायनच्या खोऱ्यातली गुरंढोरं, घोडे, भांडीकुंडी सगळं लुटून नेलं होतं. तो पलटणीत आला त्याला या लुटीचाही हातभार होता. शेणाने सारवलेल्या ओसरीवर बसून आमच्या आजोबांनी बांधाची गोष्ट सांगावी तशी ही गोष्ट त्याने किती वेळा सांगितली असेल. पण कागद म्हणतो, ते सगळं बाजूला ठेव. तुझं वैर आम्हाला नको, तुझा हात पाहिजे.

पहाटे मॅकइयनला बिछान्यातून उठून कपडे चढवतानाच पाठीमागून गोळ्या घातल्या. आलेल्या अधिकाऱ्याला घोटभर व्हिस्की द्या, असं तो घरच्यांना सांगत होता म्हणतात. त्याच्या बायकोच्या बोटांतल्या अंगठ्या शिपायांनी दातांनी ओढून काढल्या. मेलेल्यांचा आकडा साधारण ३८ सांगतात. शिवाय बायकापोरं बर्फात पळाली, त्यांतली किती वाटेत गारठून गेली त्याची नोंद नाही. मॅकइयनचे दोन्ही मुलगे निसटले. बर्फामुळे दरीची तोंडं अडवायला निघालेल्या तुकड्या उशिरा पोचल्या, म्हणून इतके तरी वाचले.

आता ती पाटी. हुकमाची साखळी वरून खाली उतरताना बघितली तर राजा विल्यम, मंत्री डॅलरिंपल, सेनापती लिव्हिंगस्टन, कर्नल हिल, हॅमिल्टन, मेजर डंकन्सन, असे लोक लागतात. यांत एकही कॅम्पबेल नाही. कॅम्पबेल भेटतो तो अगदी शेवटच्या पायरीवर, आणि त्याच्या हाताखालच्या शिपायांतही त्या आडनावाचे थोडेच होते. पलटणीचा मालक कॅम्पबेलांचा अर्ल, हे खरं. पण डॅलरिंपल आणि लिव्हिंगस्टन आडनावांना सूप मिळतं. लोकांना दोन आडनावांचं हाडवैर लक्षात ठेवायला बरं वाटतं, मलाही वाटलं. कागदावर सही करणाऱ्या सहा हातांची गोष्ट पाटीवर मावत नाही.

इथे माझं मन जरा जास्तच घसरलं, कबूल करतो. मला वाटू लागलं की जुन्या वैराला निदान रीत असते. तोंडावर असतं, तांब्या नाकारतं, फसवून घरात शिरत नाही. मुलीने ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी एग नावाच्या बेटाची गोष्ट काढली. तिथे मॅक्लाउडांपासून लपायला म्हणून मॅकडोनल्डांचा सगळा गाव एका गुहेत शिरला. बाहेर पडलेल्या बर्फावरच्या पावलांनी घात केला. मॅक्लाउडांनी गुहेच्या तोंडाशी आग पेटवली आणि धुराने आतले सगळे मारले. परंपरेने साल १५७७ सांगतात आणि मेलेले ३९५. तिथे ना राजा होता ना कागद. १६०३ मध्ये ग्लेनफ्रूइनला मॅकग्रेगरांनी कोल्हूनांची कत्तल केली, तर राजाने शिक्षा म्हणून मॅकग्रेगर हे आडनावच बेकायदा केलं. नाव लावलं तर जीव घ्यायचा. मध्ये काही वर्षं सूट मिळाली, पण बंदी कायमची उठली ती १७७४ मध्ये. पावणेदोनशे वर्षं माणसं दुसऱ्याच्या आडनावाने जन्मली, लग्नं केली, मेली. तेव्हा वैराच्या रीतीबद्दल मी फार बोलू नये हेच बरं. क्लॅन हा शब्द तिथल्या गेलिक भाषेत लेकरांसाठी आहे. कुळ म्हणजे लेकरं. हे कळल्यावर गुहेची गोष्ट आणखी ऐकवत नाही.

तरी पलटणीचं कोडं सुटेना. स्कॉटलंडमधल्या जुन्या पलटणी मुळात परदेशी नोकरीसाठी उभ्या राहिल्या. १६३३ मध्ये जॉन हेपबर्नने फ्रान्सच्या राजासाठी माणसं जमवली, तीच पुढे रॉयल स्कॉट्स झाली, ब्रिटिश फौजेतली पहिल्या क्रमांकाची पायदळ पलटण. त्यांना गमतीने 'पाँटियस पायलटचे अंगरक्षक' म्हणत, इतके जुने. त्याआधीही मकाय नावाच्या सरदाराने डेन्मार्कसाठी आणि मग स्वीडनसाठी माणसं नेली होती. डोंगरात पोटापुरतं पिकत नाही, धाकट्या मुलाला जमीन मिळत नाही, मग तलवार विकायची. हे आपल्याकडच्या शिलेदाराला वेगळं समजावायला नको. १६८९ च्या वर्षात तर पलटणींचं पीकच आलं. एडिंबरोत लेव्हनच्या अर्लने दोन तासांत ८०० माणसं गोळा केली असं सांगतात. दक्षिणेत डग्लस गावी धर्मवेड्या प्रेस्बिटेरियन पंथीयांची कॅमेरोनियन पलटण एका दिवसात उभी राहिली, १४ मेला, आणि त्याच गावी १४ मे १९६८ ला तिने आपणहून शेवटचा निशाण उतरवला. मधल्या २७९ वर्षांत त्या पलटणीने काय काय केलं ते राहू दे, मला त्या तारखेचा मोह आवरला नाही.

खरी हुशारी पुढची. १७२५ मध्ये जनरल वेडने हायलँड्सवर पहारा ठेवायला हायलँडरच नेमले. सहा तुकड्या, त्यांतल्या तीन कॅम्पबेलांच्या आणि फ्रेझर, ग्रँट, मन्रो यांची एकेक. गडद रंगाच्या चौकड्यांमुळे त्यांना ब्लॅक वॉच म्हणू लागले. गुरं पळवणाऱ्यांना पकडायचं काम. त्यांतले कित्येक साधे शिपाई घरचे बरे होते, बंदूक वाहायला गडी घेऊन येत. १७३९ मध्ये तिची पलटण केली आणि १७४३ मध्ये तिला लंडनला नेलं. राजा बघणार म्हणून सांगितलं होतं, राजा भेटला नाही. आता आपल्याला वेस्ट इंडीजला विकणार अशी कुजबुज झाली आणि शंभरावर माणसं रातोरात उठून घराकडे चालू लागली. नॉर्थँप्टनशायरच्या एका रानात पकडली गेली. सॅम्युएल मॅकफर्सन, माल्कम मॅकफर्सन आणि फार्कर शॉ यांना १८ जुलैला लंडनच्या टॉवरमध्ये, बाकीच्या साथीदारांना समोर उभं करून, गोळ्या घातल्या. त्यांचा गुन्हा एवढाच की दिलेला शब्द दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो अशी त्यांची घरची समजूत होती.

मग १७४६ ला कलोडनच्या लढाईत बंडखोर कुळं राजाच्या फौजेपुढे हरली, कुळांची हत्यारं गेली, पुरुषांचा घागरा, म्हणजे किल्ट, आणि चौकडीचं कापड नेसायला बंदी आली. फक्त पलटणीत शिरलात तर नेसता येई. आजोबांचं कापड अंगावर घ्यायचं तर राजाची चाकरी धरायची. १७५७ मध्ये सायमन फ्रेझरने, ज्याच्या बापाचं मुंडकं दहाच वर्षांपूर्वी राजाने उडवलं होतं, त्याच राजासाठी फ्रेझरांची पलटण उभी केली. आडनाव होतं, इमान होतं, मरायची तयारी होती. सगळं तसंच ठेवून फक्त दिशा फिरवली.

आणि ती दिशा फिरत फिरत आमच्या केळनेपर्यंत आली.

असई आमच्या गावापासून लांब नाही. लहानपणी बैलगाडीतून जाताना आजोबा चाबकाने दाखवत, तिकडे जुई, इकडे केळना, मधल्या बेचक्यात लढाई झाली. २३ सप्टेंबर १८०३. केळनेच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, तेव्हा मध्ये उतार असणारच, असा इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याने अंदाज बांधला आणि तो बरोबर निघाला. पाटबंधारे खात्यात काढलेली हयात मला सांगते की तो चांगला अंदाज होता. त्याच्या फौजेत ७४ वी आणि ७८ वी, दोन हायलँड पलटणी. ७८ वी सीफर्थच्या मॅकेंझीने उभारलेली. आणि ७४ वी १७८७ मध्ये सर आर्चिबाल्ड कॅम्पबेलने, आर्गाइलच्याच माणसाने. चुकीच्या वळणाने ती असईच्या तोफांसमोर गेली आणि कापली गेली. अधिकाऱ्यांत धड म्हणावा असा जवळजवळ कुणी उरला नाही. मेलेल्यांचा ढीग करून उरलेले त्याच्या आड उभे राहिले. समोर शिंद्यांचे कवायती कंपू, त्यांचा म्होरक्या पोलमन, हॅनोव्हरचा. तोही पगारी. वेलस्लीचे ४२८ मेले आणि हजारावर जखमी झाले. कंपनीने खूश होऊन त्या पलटणींना जादा निशाण दिलं आणि निशाणावर हत्ती. ग्लासगोच्या एका संग्रहालयात मुलीने मला तो हत्ती काचेमागे दाखवला, खाली इंग्रजीत 'असई'. आमच्या बैलगाडीच्या वाटेवरचं गाव तिथे चंदेरी बिल्ल्यावर बसलेलं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पोराला वाटलं ते हत्तीचं नाव आहे.

त्याच मोहिमेत अहमदनगर पडलं तेव्हा बापू गोखल्यांच्या नावावर एक वाक्य सांगतात, हे इंग्रज अजब, सकाळी आले, भिंत बघितली, वर चढले, माणसं मारली आणि न्याहारीला परतले. त्या शिड्यांवरही हायलँडर होते. आपल्या कागदांत सगळे इंग्रजच. आडनाव इतक्या लांबवर टिकत नाही.

ग्लेन्कोच्या चौकशीचं पुढे काय झालं? १६९५ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने त्याला खून ठरवलं. तिथे १५८७ पासून एक कायदाच होता. विश्वासात घेऊन, आसऱ्याला राहून केलेली हत्या म्हणजे राजद्रोह. आपल्या 'मिठाला जागणे'ची ती कायद्यातली आवृत्ती. डॅलरिंपलला पद सोडावं लागलं, पुढे १७०३ मध्ये त्याला अर्ल केलं. ग्लेनलायन १६९६ मध्ये ब्रूझला मेला. फाशी कुणालाच झाली नाही. आर्गाइलची पलटण पुढे मोडली. शपथेचा कागद, हुकमाचा कागद, चौकशीचा कागद, तिन्ही नीट लिहिलेले आहेत. हस्ताक्षर सुबक असतं त्या काळचं.

ग्लासगोला परतल्यावर एकविसाव्या दिवशी पहाटे अण्णाचा निरोप आला. भिंतीपलीकडचे तात्या परवा रात्री गेले. आजोबांच्या त्या चुलत भावाचा मुलगा, म्हणजे माझे चुलते. सत्तर वर्षांत त्यांच्याशी माझं एक वाक्य झालं असेल तर आडाच्या पाण्यातून झालं असेल. खाली अण्णाने लिहिलं होतं: "दहा दिवसांचं सुतक. दोन गेले, तुला आठ. मी खांदा दिला." मी त्याला लगेच फोन लावला. तो म्हणाला, कोर्टात तारीख पुढच्या महिन्यात आहे, ती काही टळत नाही. मग थोडं थांबून म्हणाला, त्यांच्याकडचं पाणी घेतलं, स्मशानातून आल्यावर, हातपाय धुवायला. त्यांच्या रहाटाचं. मी विचारलं, प्यायलास? तो म्हणाला, "तेवढं नाही."

मुलीने दार उघडं टाकून विचारलं, बाबा, दिवा लावते देवाजवळ. मी म्हटलं आठ दिवस राहू दे. तिने कारण विचारलं, मी सांगितलं. तिला ते लोक कोण हेच ठाऊक नव्हतं. ग्रुप उघडलेलाच होता. अण्णाच्या निरोपावर बोट सरकवलं तर वरती ती पितळी पाटी होती, आणि तिच्याखाली मी त्या दिवशी टाकलेला हसरा चेहरा.